पान एक्केचाळीस

रत्नपाल सरांनी एकतीस वर्षांत एकही पुस्तक लिहिलं नव्हतं. वर्गात मात्र लिहून द्यायचे ते असं, की पोरांच्या बोटांना घट्टे पडावेत. निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा त्यांनी एकदाचा नेट लावला आणि एम.ए.ला धर्म नि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांसाठी पुस्तिका तयार केली. कोणता विषय कसा शिकवावा, उदाहरणं कुठली द्यावीत, कुठं काय वाचायला मिळेल, सगळं त्यात होतं. साठ प्रती बांधून आल्या. शनिवारी वसमतच्या त्यांच्या कॉलेजात चार जिल्ह्यांतले प्राध्यापक जमणार होते आणि तिथं ती वाटायची होती.

माणूस काटेकोर. जैन धर्माचं प्रकरण त्यांनी गावातल्या एका जैन कापड दुकानदाराकडून तपासून घेतलं, इस्लामचं मौलवीसाहेबांकडून, आणि बौद्ध धम्माचं तर स्वतः बौद्ध असूनही तिघांकडून. मग छापून झाल्यावर चुका शोधायला एक प्रत निलमला दिली. छापल्यानंतर चुका शोधायची आपल्याकडची पद्धत सरांनीही मोडली नाही.

निलम त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. घर साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यावर, वसमतला खोली करून राहायची. सोमवारी ती आली आणि एक्केचाळिसावं पान उघडून तिनं पुस्तिका टेबलावर ठेवली. ‘तांड्यावरील लोकांचा धर्म’ या मथळ्याखाली चार ओळी होत्या. हा धर्म भीतीतून जन्मला आहे, त्यात तत्त्वविचार आढळत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

“हे कुणाकडून तपासलं, सर?”

सर गडबडले. ती दोन वर्षं पहिल्या बाकावर बसत होती आणि तिला विचारावं हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. “जुन्या गाईडातून घेतलं गं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.”

“तुमच्या धम्माबद्दल कुणी असं छापलं असतं, तर थांबला असता का पुढच्या आवृत्तीपर्यंत?” एवढं विचारून ती निघून गेली. मंगळवारी तिचा बाक रिकामा होता, बुधवारीही.

बुधवारी दुपारी घरी येऊन सरांनी कपाटातून ते गाईड काढलं. त्यांच्या स्वतःच्या एम.ए.च्या वेळचं, पानं पिवळी पडलेली. डाव्या पानावर बौद्ध झालेल्या लोकांविषयी मजकूर होता: ‘यांचा धर्म रागातून आला आहे, त्यात तत्त्वविचार नाही.’ तेविशीतल्या रत्नपालनं त्यावर लाल पेनानं अशी काट मारली होती की कागद फाटला होता. उजव्या पानावर तांड्याच्या त्याच चार ओळी होत्या. त्यांच्याखाली त्याच लाल पेनाची सरळ रेघ आणि समासात त्याच हातानं लिहिलेलं, ‘महत्त्वाचे’.

सरांना शरम वाटली. बायकोनं, राणीनं, चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला.

“काय झालं?” राणीनं विचारलं. सरांनी दोन्ही पानं तिच्यापुढं धरली. ती वाचून म्हणाली, “मंग बसून काय राहिले? जा की.”

गुरुवारी दोन बस बदलून सर तांड्यावर पोचले. निलम घरीच होती. तिनं पाणी दिलं आणि परत आत गेली. तिच्या वडिलांनी, हरिचंदनं, पुस्तिकेतलं ते पान वाचून घेतलं.

“भीती?” हरिचंद म्हणाला. “भ्यालेला माणूस आपल्यापुरतं मागतो, सर. आमी देवाला भोग लावतो तवा अरदास म्हणतो. अरदास म्हंजे मागणं. त्यात मुंगीचं भलं मागतो, गुराढोराचं मागतो, साऱ्या जिवायचं मागतो. यात भीती कुठं दिसून राहिली तुमाला?”

सगळे प्राणी सुखी होवोत, हे सर दर रविवारी विहारात म्हणत आणि त्यावर दरवर्षी परीक्षेत प्रश्न काढत.

“शनिवारी कॉलेजात येता का? आमच्या मास्तर लोकांना हेच सांगायचं.”

“मी सातवी शिकलेला. मी काय सांगू तिथं?”

“मी एम.ए. होऊन हे लिहिलंय,” सर म्हणाले.

शुक्रवारी राणीनं आणि त्यांनी मिळून साठही प्रतींत त्या चार ओळींवर कोरा कागद चिकटवला. मथळा तेवढा उघडा ठेवला. प्राचार्य म्हणाले, “अहो, कोण वाचतंय एवढं! आपल्या हातानं कशाला आपली शोभा करून घेता?” सरांनी ऐकलं नाही.

शनिवारी सभागृह भरलं. सरांनी व्यासपीठावरून ते गाईड उघडून दाखवलं, डावं पानही आणि उजवंही. खाली कुजबुज झाली आणि मागून एका प्राध्यापकांनी विचारलं, “मग सर, या कोऱ्या जागेत आम्ही शिकवायचं काय?”

सरांनी दाराजवळ निलमशेजारी बसलेल्या हरिचंदला वर बोलावलं. स्वतः खाली उतरले, पहिल्या बाकावर बसले आणि पेन उघडलं. निलम उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. सोमवारनंतर तिनं पहिल्यांदाच वही काढली.

हरिचंदनं टोपी सारखी केली. समोरच्या एवढ्या शिकलेल्या माणसांकडं पाहून तो जरा घुटमळला, मग सरांना म्हणाला, “सांगतो. पण लिहून झालं की वाचून दाखवा, सर. या वेळी छापायच्या आधी.”