पाळणा वगळलेला समुद्र

मी समुद्र बोलतोय. दचकू नका, खरा नव्हे, कापडाचा. पडद्याच्या निळ्या कापडाचे पन्हे एकमेकांना जोडून मला शिवलंय. मला उलगडून धरायला माणसांच्या दोन रांगा उभ्या कराव्या लागतात. एके काळी मी रस्त्याने निघालो की लोक खिडक्यांतून वाकून बघायचे. पुढे मात्र कुणी कौतुकाने बघितलं की वाटायचं, कुणीतरी माझी घडी घालून मला कोपऱ्यात ठेवून द्यावं. असं का, तेच सांगायचंय.

माझा जन्म एका शिलाईच्या दुकानातला. दुकान कसलं, घराखालची एक खोली. दाराशी मशीन, मागे कापायचं टेबल आणि भिंतीला अर्धवट शिवलेले कपडे टांगलेले. कुठल्याशा नाट्यगृहाने पडद्यांसाठी कापड आणून टाकलं आणि मग नाटकंच बंद केली. तेव्हापासून मी गठ्ठा होऊन फळीवर पडून होतो. शिवणारी बाई कमी बोलायची. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं तिला परवडायचंही नाही.

तिची लेक मात्र एका जागी ठरायची नाही. आई तिला भिंगरी म्हणायची आणि पुढे सगळेच म्हणू लागले. मोठमोठे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेतात, ते थांबवायला एक मोठा राखीव समुद्र जाहीर व्हावा, यासाठी ती चळवळ चालवायची. एक दिवस ती दुकानात शिरली आणि म्हणाली, "आई, मला एक समुद्र शिवून दे."

आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "किती मापाचा?"

"मोठ्यात मोठा."

तिच्याबरोबर तिचा मित्र होता. समुद्राच्या तळाशी उतरून माशांचा अभ्यास करायचा. सदा ओले केस आणि पुढे काढलेली मान, म्हणून सगळे त्याला पाणकोंबडा म्हणत. त्याने खडूने माझ्या अंगावर किनारा काढला आणि मध्यावर एक गोल काढला.

"इथे तळ एकदम वर आलाय," तो आईला म्हणाला. "होडीवाले या जागेला पाळणा म्हणतात. थंडी पडली की लांबलांबचे मासे अंडी घालायला इथेच येतात. ही जागा राहिली तर बाकीचा समुद्र भरलेला राहतो."

आईने त्या गोलावर हिरवं ठिगळ लावलं आणि त्याला मधोमध ठेवून सभोवार पांढऱ्या दोरीची रेघ शिवली. या रेघेच्या आत ट्रॉलरने यायचं नाही, असा त्याचा अर्थ. मला शिवताना तिला खोलीत जागा पुरेना, तेव्हा माझं अर्धं अंग दाराबाहेर पायऱ्यांवर पसरलं होतं. येणारी-जाणारी माणसं मला ओलांडून जायची आणि ओशाळून मागे बघायची.

मग सुरू झाली माझी वणवण. माणसं माझ्या कडा धरून हलवायची, मी लाटा काढायचो. मुलं खालून पळायची. चौकात, शाळेच्या सभागृहात, विधिमंडळाच्या फाटकासमोर मी पसरलो. माझ्यावर चहा सांडला, चिखल उडाला, एकदा एका पोलिसाने मला गुंडाळून गाडीत टाकलं आणि ठाण्यात उशाला घेऊन झोपला. खरं सांगतो, ते दिवस सुखाचे होते.

सगळ्यांत अवघड सभा झाली ती बंदरावर, होडीवाल्यांची. लहान होड्यांतून गळ टाकून मासे धरणारी ही माणसं हाताची घडी घालून बसली होती. भिंगरी घसा फोडून बोलली. शेवटी त्यांच्यातला पोक्त माणूस उठला. त्याला सगळे काका म्हणत. त्याने माझ्या हिरव्या ठिगळावर बोट ठेवलं.

"पोरी, आमची चूल याच्यावर पेटते. इथून आम्ही निघायचं म्हणतेस?"

"काका, मोठे ट्रॉलर निघतील. तुम्हीही थोडी वर्षं थांबलात तर बाहेर दुपटीने मिळेल."

"ते निघतील हे कशावरून?"

"मी सांगते म्हणून."

काकांनी मागे वळून आपल्या माणसांकडे बघितलं. "मग आम्ही आधी निघतो," ते म्हणाले. "कुणीतरी आधी निघायलाच पाहिजे."

आणि ते निघाले. कायदा नाही, हुकूम नाही, नुसत्या शब्दावर. त्या थंडीत पाळण्यावर एकही होडी गेली नाही.

त्यानंतर सरकारला हलावंच लागलं. बोलणी सुरू झाली. मंत्रालयातल्या एका लांबट खोलीत मला भिंतीवर लावलं. टेबलाच्या एका बाजूला सचिव, दुसऱ्या बाजूला भिंगरी. सचिव सभ्य माणूस होता. तिच्यासाठी खिडकी उघडायचा, पाण्याचा पेला स्वतः भरायचा. ट्रॉलरमालक शेजारच्या खोलीत बसलेले असायचे.

"मॅडम, पाळण्याचा हट्ट सोडा," एके दिवशी तो म्हणाला. "त्यांचा सगळा धंदा तिथे आहे. पण दक्षिणेचं खोल पाणी घ्या. तुम्ही मागताय त्याच्या तिप्पट देतो. जगातल्या मोठ्या राखीव समुद्रांत आपलं नाव येईल."

"दक्षिणेला कुणी मासे धरतच नाही."

"म्हणून तर कुणी आडवंही येणार नाही." तो हसला नाही. "निवडणूक तोंडावर आलीय. पुढचं सरकार तुम्हाला दारात तरी उभं करेल का, बघा. आज सही झाली तर काहीतरी पदरात पडेल."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. दमलेली होती. आदल्या हिवाळ्यात तिचे वडील गेले, तेव्हाही ती कुठल्याशा सभेत होती. तिने फोन हातात घेतला. पाणकोंबड्याला विचारायचं तिच्या मनात असावं. मग तिने फोन पालथा ठेवला. तो काय म्हणेल हे तिला ठाऊक होतं.

तिने सही केली. शेजारच्या खोलीतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

मला घेऊन ती दुकानात आली. "आई, रेघ उसवायचीय. दक्षिणेला आणखी कापड जोड."

आईने चष्मा लावला. नवी रेघ कुठून जाणार ते बघितलं. "मग हे हिरवं बाहेर राहतंय."

"हो."

"ठेवू की काढू?"

भिंगरी दाराकडे तोंड करून उभी होती. "काढ," ती म्हणाली.

 आईने ब्लेडने एकेक टाका कापला आणि ठिगळ उचललं. खालचं कापड ऊन न लागल्यामुळे गडद राहिलं होतं. माझ्या अंगाला तेवढा एक डाग पडला. तेच कापड कुठून मिळणार, म्हणून दक्षिणेला जरा वेगळा निळा जोडला. मी पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला उघडं पडल्यासारखं वाटलं.

घोषणेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी व्यासपीठामागे छतापासून जमिनीपर्यंत. मंत्र्यांनी आकडा सांगितला तसे लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. समोरच्या रांगेतून काका आले. धुतलेला सदरा, पॉलिश केलेले बूट. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंही नाही, त्यांना फक्त उभे राहिलेले लोक दिसत होते. त्यांनी भिंगरीचे दोन्ही हात हातात घेतले.

"आमच्या नातवंडांचं भलं केलंस, पोरी."

तिने सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा," आणि ती तिकडे बघून हसली.

पाणकोंबडा उशिरा आला. बोटीवरून थेट आलेला, अंगात तेच खारट स्वेटर. तो माझ्यासमोर उभा राहून शोधत राहिला.

"पाळणा कुठाय?"

"पुढच्या टप्प्यात घेऊ," भिंगरी हळूच म्हणाली. "आत्ता एवढंच मिळत होतं."

"एवढंच?" त्याने माझ्याकडे मान वर करून बघितलं. "तू रिकाम्या घराला कुलूप लावलंयस. आणि भरल्या घराचं दार उघडं टाकलंस." तो ओरडला नाही. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांतून वाट काढत निघून गेला.

मला मंत्रालयाच्या दर्शनी दालनात काचेआड लावलं. शाळांच्या सहली यायच्या. "केवढा मोठा," मुलं म्हणायची आणि मला घाम फुटायचा, म्हणजे कापडाला फुटेल तेवढा. भिंगरीला पुरस्कार मिळाले, देशोदेशीची आमंत्रणं आली. कामासाठी तिला मंत्रालयात यावं लागे, पण दर्शनी दारातून ती कधी आली नाही. पहारेकऱ्यांच्या बोलण्यातून मला कळलं, मॅडम मागच्या, सामान आणायच्या दाराने येतात.

थंडी आली आणि ट्रॉलर पाळण्यावर उतरले. एक थंडी झाली, दुसरी झाली. दुसऱ्या थंडीच्या शेवटाला काका मंत्रालयात आले. माझ्यासमोरच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले. पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, "कुणाला भेटायचंय?" ते म्हणाले, "येईल ती." शेवटी कुणीतरी वर कळवलं आणि भिंगरी जिना उतरून खाली आली.

मला वाटलं, आता ते तिला बोलबोल बोलतील. तिलाही तेच वाटलं असावं. मान खाली घालून ती तयार उभी होती.

"ट्रॉलर रोज जातात तिथे," काका म्हणाले. "आमची पोरं किनाऱ्यावरून बघतात. म्हणतात, आपणच कशाला थांबायचं? मी त्यांना सांगितलं, तिला विचारून येतो. आम्ही अजून गेलो नाही. तुला शब्द दिला होता ना."

भिंगरी खाली बसली. बाकावर नाही, फरशीवर. काका गडबडले, तिला उठवायला वाकले. तिने तोंड हातांत झाकून घेतलं होतं.

"काका, ते मी सोडलं होतं," ती म्हणाली. "सही केली तेव्हाच. तुम्ही हात हातात घेतलेत तेव्हा मला माहीत होतं."

काका सरळ झाले. मग टोपी घालून निघाले. दाराशी थांबून एवढंच म्हणाले, "आता पोरांना काय सांगू, ते तू येऊन सांग."

ती गेली. बंदरावर काय झालं ते मी बघितलं नाही. ऐकलं ते इतकंच, की बायका तिच्याशी बोलल्या नाहीत आणि ती तरीही रोज जात राहिली. पुरस्कार परत केले. पाणकोंबड्याच्या दाराशी गेली, तेव्हा त्याने तिला आत घेतलं नाही, पण पाळण्याच्या पाहणीचे सगळे कागद आणून तिच्या हातात ठेवले. तिने नवी चळवळ मांडली, स्वतःच्याच सहीविरुद्ध. आता तिच्यामागे गर्दी नव्हती. ज्या संस्था तिला डोक्यावर घेऊन नाचल्या होत्या, त्या म्हणाल्या, "झालेल्या कामाला गालबोट लावू नका."

प्रकरण सुनावणीला आलं. ट्रॉलरमालकांच्या वकिलाने काय करावं? काचेतून मला काढून आणलं आणि समितीपुढे पसरलं.

"ही रेघ कुणी आखली?" त्याने विचारलं.

"मी," भिंगरी म्हणाली.

"समुद्र वाचला असं भाषण याच कापडापुढे कुणी केलं?"

"मीच."

"म्हणजे तेव्हा तरी खोटं बोललात, नाहीतर आता बोलताय."

"तेव्हा," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "मला मोठा आकडा हवा होता. जिथे मासे आहेत ती जागा मी दिली आणि जिथे नाहीत ती घेतली. हे माझ्याइतकं नीट दुसरं कुणी तुम्हाला सांगू शकणार नाही."

मागच्या बाकावर काका बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

निकाल लागला तो अर्धामुर्धा. पाळण्याची पूर्वेकडची बाजू कायमची बंद झाली. पश्चिमेकडे फक्त अंडी घालायच्या महिन्यांत ट्रॉलरना मनाई. पाणकोंबडा म्हणतो, तळ भरून यायला एक पिढी जाईल, आला तर. काका भिंगरीला आता पोरी म्हणत नाहीत. "बाई" म्हणतात.

सुनावणीनंतर मला न्यायला कुणी आलं नाही. एका कोठारात मोडक्या खुर्च्यांवर मी पडून होतो. शेवटी आई आली. गुडघे धरत, जिने चढून.

"हे काय आहे?" कोठारावरच्या माणसाने विचारलं.

"चादर," ती म्हणाली आणि मला काखोटीला मारून घरी आणलं.

आता मी दुकानामागच्या खोलीत पलंगावर असतो, घडीवर घडी घालून. भिंगरी बंदरावरून थकून येते आणि माझ्यावर आडवी होते. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. परवा एका संग्रहालयातून फोन आला, ऐतिहासिक समुद्र प्रदर्शनात लावायचाय म्हणून. आई म्हणाली, "तो धुवायला टाकलाय," आणि फोन ठेवून पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. उद्या कुणी तुमच्यापुढे माझ्यासारखा मोठा समुद्र पसरला, तर टाळ्या वाजवायच्या आधी जवळ या आणि आत काय घेतलंय ते विचारा. मी शरमेने सांगतो, टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणीच ते तेव्हा विचारलं नाही.