वाक्याचा कर्ता

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे यमाजीपंत म्हणत, कारण निधनवार्तांचा रकाना सव्वीस वर्षं त्यांच्याच हाताखालून जात होता. वाक्यं ठरलेली. म्हातारं माणूस गेलं की ‘देवाज्ञा झाली’, मोठं माणूस ‘काळाच्या पडद्याआड’, आणि कुणी तरुण अपघातात गेलं की ‘क्रूर काळाने घाला घातला’. “पंत, त्या काळाला एखादी रजा तरी द्या,” अंकाची पानं लावणारा सहकारी म्हणायचा, आणि पंत मिशीतल्या मिशीत हसायचे.

सोमवारी त्यांची एकुलती एक लेक गेली. ठमी म्हणायचे तिला. उतारावर स्कूटरचा ब्रेक लागला नाही. एकवीस वर्षांची पोर.

तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिची बातमी लिहायला बसले. हात सवयीने चालला. लिहिलेलं त्यांनी बायकोला वाचून दाखवलं.

“कुणी घातला घाला?” तिने विचारलं.

“काळाने. असंच लिहितात गं.”

“राहतो कुठे तो? पोर महिनाभर तुमच्या कानीकपाळी ओरडत होती, बाबा, ब्रेक दाखवून आणा. तुम्ही रोज म्हणालात, उद्या. त्यात काळाचा काय संबंध?”

पंतांनी कागदावरच्या ‘काळाने’ या शब्दाकडे पाहिलं. इतकी वर्षं घरोघरच्या चुकांसाठी त्यांनी हा एक फुकटचा गडी पुरवला होता. बोलत नाही, दिसत नाही, सगळं मुकाट अंगावर घेतो. आज तो त्यांच्याही मदतीला धावून आला होता. त्यांना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘वडिलांनी स्कूटरचा ब्रेक दुरुस्त करून आणला नाही, म्हणून गेली.’

बायकोने ते दोनदा वाचलं. मग तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. “द्या पाठवून,” ती म्हणाली. मेहुण्याच्या हाती कागद कचेरीत गेला.

सकाळी पेपर तिनेच उघडला. काळ्या चौकटीत ठमीचा फोटो, आणि खाली, ‘क्रूर काळाने घाला घातला’. पानं लावणाऱ्याला पंतांची दया आली होती.

“मी असं दिलं नव्हतं,” पंत घाईघाईने म्हणाले. “तू वाचलंस ना! त्यानेच बदललं.”

“हो,” ती म्हणाली. “हेही दुसऱ्यानेच केलं.”

तिने पेपर घडी करून ठेवला, ठमीच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली.