तीन ओळींची तक्रार

घरविम्याच्या दाव्याचा अर्ज. पूरक कवच: आपल्या चुकीमुळे शेजाऱ्याच्या घराचे झालेले नुकसान. प्रत्येक उत्तर तीन ओळींत लिहावे.

विमाधारक

राबिगा. अल्माटी, तिसरा मजला. चौतीस वर्षं भूगोल शिकवला.

हे पूरक कवच का घेतले?

तुमचा एजंट आर्सेन माझा भाचा आहे, म्हणून. "मावशी, मूळ पॉलिसी भूकंपाची. भूकंप काय, आला तर आला. खालची शेजारीण रोज जिन्यात भेटते. तिच्यासाठी वेगळं कवच घे." शाळेत नकाशातला समुद्र पिवळा रंगवायचा, पण माणसं बरोबर ओळखतो.

नुकसान कसे झाले?

मंगळवारी मी बाजारात असताना कपडे धुण्याच्या मशीनचा पाइप निसटला. पाणी उताराकडे गेलं. उतारावर खालच्या कुलपाशचं छत होतं, लग्नाच्या पाहुण्यांसाठी गेल्याच आठवड्यात रंगवलेलं. आता मधोमध डाग आहे. आकार अरल समुद्राचा. फरक इतकाच, की हा वाढतोय.

बाधित व्यक्तीशी नाते

आज शेजारीण. शनिवारी तिच्या मुलाशी माझ्या तोगझानचं लग्न, मग विहीण. तुमच्या बारीक अक्षरांत लिहिलंय, नातेवाइकांचं नुकसान भरून मिळत नाही. म्हणजे माझ्या हातात शुक्रवारपर्यंतचा वेळ. नाहीतर माझी मुलगी जन्मभर त्या डागाखाली बसून जेवणार. आमच्यात म्हणतात, जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचे. डागही तेवढाच टिकेल.

बाधित व्यक्तीची लेखी तक्रार जोडली आहे का?

बुधवारी मी आणि आर्सेन खाली गेलो.

"तक्रार? इश्श, विहीणबाई, पाणीच तर होतं!"

"निदान मी रंगवून तरी देते."

"तुम्ही? शिडीवर? लोक मला काय म्हणतील!"

तेवढ्यात तिची नणंद आली. कोट काढायच्या आधीच कुलपाशनं तिला वर बघायला लावलं. "आमच्या विहीणबाईंची भेट. आहेराच्या आधीच पोचली."

मग माझी चहाची वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे मान अर्ध्या वाटीत असतो, पुन्हा भरायला निमित्त राहतं. काठोकाठ म्हणजे प्या आणि निघा, चपला दाराशी आहेत.

जिन्यात मी आर्सेनला म्हणाले, "ती मेली तरी तक्रार करणार नाही. तक्रार केली की छत दुरुस्त होणार. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार काय?"

(तोच रकाना, वरची जागा संपली म्हणून)

गुरुवारी आर्सेन एकटा गेला. दार उघडं होतं, मी जिन्यात होते. ऐकत नव्हते, नुसती उभी होते.

"काकू, फार नाही लिहायचं. तीन ओळी."

"किती?"

"तीन. त्याहून जास्त कंपनी वाचत नाही."

"राबिगाबद्दल? तीन ओळींत?" खुर्ची सरकली. "आण तो कागद इकडे. आणि जोडायला आणखी आण."

तक्रारीतील मजकूर मान्य आहे का?

अकरा पानं. पाइप नवव्या पानावर येतो. त्याआधी: माझे कणकेचे बाउरसाक दगडासारखे, तळलेले की भाजलेले कळत नाही. तोगझान दहापर्यंत लोळते. मी जिना चढते तीसुद्धा हजेरी घेतल्यासारखी.

"मावशी, सगळ्याखाली सही लागेल," आर्सेन म्हणाला. "अर्धवट मान्य असा रकाना नाही."

"हे बाउरसाकचं तरी खोडते."

"खोडाखोड चालत नाही."

मग चौथं पान. जसंच्या तसं उतरवते: 'ज्या दिवशी सोयरीक पक्की करायला मी तिच्या मुलीच्या कानांत आमच्या घरची कर्णफुलं घातली, त्या दिवशी तिनं मला पहिलीच वाटी काठोकाठ भरून दिली. मी प्यायले. कुणाला बोलले नाही.'

त्या दिवशी माझं लक्ष मुलीच्या कानांकडे होतं. वाटीकडे बघितलंच नाही. पाइप निसटला तर कवच आहे. हात निसटला तर काय, ते तुमच्या पुस्तिकेत सापडलं नाही.

सगळं मान्य. बाउरसाकसुद्धा.

नुकसान वाढू नये म्हणून आपण काय केले?

शुक्रवारी सकाळी तक्रारीची अकरा पानं सही करून आर्सेनच्या हाती दिली आणि कुलपाशला वर बोलावलं. अर्धी वाटी ओतली. तिनं वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, प्यायली. पुन्हा अर्धी. पुन्हा अर्धी. असं नऊ वेळा. बाउरसाक तिनं दोन खाल्ले, कुरकुर आवाज करत, मला ऐकू येईल असा.

दहाव्या वाटीला तिनं मान वर केली.

"तुमचं छत मात्र कोरडं ठाक हो, विहीणबाई."

"वरच्या मजल्याशी अजून सोयरीक जुळली नाही ना," मी म्हणाले.

तिनं वाटी पुढे केली.