सासूबाईंना पाठवलेला सिनेमा

माझा नवरा पडद्यावर एकसष्ट वेळा मेला. गोळी लागून मेला, कड्यावरून पडून मेला, एका सिनेमात तर दोनदा मेला, कारण पहिल्यांदा मेलेला कोण ते कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. युरेचं नाक धारदार, कातडी समुद्रापलीकडच्या आमच्या कोमिझा गावच्या उन्हात भाजलेली, आणि इंग्रजी असं की बाजारात कोबी मागितला तर दुकानदार पोलिसाला हाक मारील. मग हॉलिवूडवाल्यांनी त्याच्या डोक्यात पिसं खोचली आणि त्याला रेड इंडियन करून टाकलं.

"बोल काहीतरी तुमच्या टोळीचं," दिग्दर्शक सांगायचे. युरे खुशाल आमच्या बेटाची बोली बोलायचा. हॉलिवूडजवळच्या सान पेद्रो बंदरावर आम्ही सगळे त्याच बेटाचे. पुरुष सार्डिन मासे पकडायचे, आम्ही बायका कारखान्यात ते डब्यांत भरायचो, आणि शनिवारी सगळे मिळून सिनेमाला. पडद्यावर टोळीप्रमुख हात वर करून गोऱ्या कॅप्टनला धीरगंभीर आवाजात म्हणायचा, "लुक्रेचे खारवलेले मासे घेऊ नका, त्यात वाळू असते!" आम्ही हसून लोळायचो. पुढच्या रांगेतले अमेरिकन मागे वळून बघायचे, की या येड्यांना झालंय काय. सगळ्यात मोठ्याने आमच्यातच बसलेली लुक्रे हसायची.

हसण्यावारी नेता येत नव्हती ती एकच गोष्ट, युरेची आई. तीस साली माझे सासरे वारले तेव्हा हा ॲरिझोनात घोड्यावरून पडत होता. आजारपणाची तार उशिरा मिळाली. एकुलता एक मुलगा आला नाही, म्हणून सासूबाईंनी सासऱ्यांची होडी संत निकोलसच्या सणाला देऊन टाकली. त्या दिवशी आमच्याकडे चर्चसमोर होडी जाळतात आणि तिची राख नव्या होडीच्या कण्यात घालतात. पण जाळायची ती मोडकळीला आलेली. सासऱ्यांची होडी अजून दहा वर्षं सहज चालली असती. काय समजायचं ते गाव समजलं, की या घरात होडी घ्यायला मुलगा उरला नाही. तेव्हापासून युरेची पत्रं न फोडता परत यायची, पैसेही परत. सासूबाई म्हणजे सासूबाई! त्यांच्या चुलीपाशी मी एक वर्ष काढलंय, मला विचारा.

सदतीस साली युरेला पहिल्यांदा मोठं काम मिळालं. टोळीप्रमुखाचा मुलगा मरतो, बाप चितेपाशी उभा राहून बोलतो, आणि कॅमेरा अख्खा एक मिनिट त्याच्या तोंडावर.

"पेरिना," सकाळी पावाचा तुकडा कॉफीत बुडवत तो म्हणाला, "हे पत्र तिला परत पाठवता येणार नाही."

"कुठलं पत्र?"

"सिनेमा. स्प्लिट शहराहून फिरता सिनेमा गावात येतोच. चर्चच्या अंगणात चादर बांधतात. पडद्याखाली काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. कान मात्र शाबूत आहेत."

"आणि तिथेही माशांच्या गमती केल्यास तर मी तुला खरोखरची मारीन," मी म्हटलं.

त्या दिवशी चित्रीकरणाला रडणाऱ्या चार बायका कमी पडत होत्या. मी कारखान्याला दांडी मारली आणि दोन खोट्या वेण्या लावून चितेपाशी बसले. माझ्यामागे थॉमस उभा होता, मोंटानाचा, ब्लॅकफीट जमातीचा. सगळ्या गर्दीत खरा इंडियन तोच, म्हणून त्याला पार मागे ठेवला होता.

युरे पुढे आला. उघडा, अंगाला रंग फासलेला.

"आई, युरे बोलतोय," तो म्हणाला. "बाबांना खांदा द्यायला मी आलो नाही. तार उशिरा मिळाली हे खरं. पण वेळेवर मिळाली असती तरी मी आलो नसतो. मला तेव्हा नट व्हायचं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. होडी जाळलीस, बरोबर केलंस."

मलाही सांगितलं नव्हतं! सात वर्षं मी त्या तारेला शिव्या घालत होते. मला राग आला, आणि त्याच दमात रडूही आलं. युरेच्या गालावरचा रंग ओघळत होता.

"थांबवा!" दिग्दर्शक ओरडला. "इंडियन रडत नाहीत. पुन्हा घेऊ."

असलं काही माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही. युरेने नुसती मान खाली घातली.

दिग्दर्शकाला काय सुचलं कोण जाणे, त्याने थॉमसला विचारलं, "काय रे, तुमचा प्रमुख रडेल का?"

"पोरगा मेल्यावर?" थॉमस म्हणाला. "न रडायला तो काय दिग्दर्शक आहे?"

सगळे हसले. दिग्दर्शक लाल झाला, पण माणूस वाईट नव्हता. "बरं, भाषा तरी बरोबर होती का?"

थॉमसने युरेच्या गालावरच्या ओघळलेल्या रंगाकडे पाहिलं. "बरोबर बोलला," तो म्हणाला. "हेच ठेवा."

जेवताना तो आमच्याशेजारी येऊन बसला. "कुठली रे तुझी टोळी?"

"मासेवाले," युरे म्हणाला.

"वाटलंच. तुझ्या बायकोच्या अंगाला वास येतो."

सिनेमा सान पेद्रोत लागला तेव्हा मंडळी हसायच्या तयारीनेच आली होती. त्या मिनिटाला कुणी हसलं नाही. लुक्रेने रुमालात नाक शिंकरलं, तेवढाच आवाज. मग आम्ही वाट बघायला लागलो. हिवाळा गेला, वसंत गेला. गावाकडून एक अक्षर नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये शेजारचा फ्राने गावाहून लग्न करून परतला. भर दुपारी, घामाने निथळत, आमच्या स्वयंपाकघरात आला. युरे नुसत्या बनियनवर बसून वांगी कापत होता. फ्रानेने टेबलावर एक पत्र्याची डबी ठेवली.

"आई आली होती का, सिनेमाला?" युरेने विचारलं. कापायचं थांबला नाही.

"घरून खुर्ची घेऊन आली होती. पहिल्या रांगेत. तू बोलायला लागलास आणि अख्खं गाव तिच्याकडे बघायला लागलं. संपल्यावर उठली आणि यंत्रवाल्याला म्हणाली, 'मागे घे.' तीनदा घ्यायला लावलं. कुणाची बिशाद नाही म्हणायची!"

"आणि मग?"

"मग मला म्हणाली, त्याला सांग, चारचौघांत सदरा घालत जा. इतकी माणसं बघतात, आणि हा उघडा."

मी हसले. युरे हसला नाही. त्याने डबीकडे पाहिलं. "यात काय?"

"होडीची राख. जाळली त्या सकाळी स्वतः भरली म्हणाली, गरम होती तेव्हाच. त्याला नवी बांधायची झाली तर लागेल."

"त्याच सकाळी?"

"त्याच सकाळी."

युरेने डबीकडे हात नेला, आणि मागे घेतला. उठून आतल्या खोलीत गेला. परत आला तेव्हा लग्नातला पांढरा सदरा घातलेला, त्या उकाड्यात गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. मग त्याने दोन्ही हातांनी डबी घेतली.