खिळ्यावरची किल्ली

"अरे, लागत नाही ही!" घड्याळवाल्याने बाहेरून दारावर थाप मारली. "किल्ल्या करण्यात हयात गेली तुझी, आणि स्वतःच्या दाराची एक धड जमली नाही होय?"

किल्लीवाल्याने ओशाळून आतून लॅच उघडलं. नवी किल्ली हातात घेऊन उजेडात धरली. दाते स्वच्छ होते. चूक मुळातच झाली होती. झिजलेल्या किल्लीवरून नक्कल काढू नये, तिची झीजही नकलेत उतरते, हे तो रोज गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आणि स्वतः मात्र तीस वर्षं खिशात घासून गुळगुळीत झालेली किल्ली यंत्रात लावून मोकळा झाला होता. ती जराशी उचलून, डावीकडे दाबून फिरवावी लागे. त्याच्या हाताला ती खोड ठाऊक होती, नकलेला कुठून असणार?

"घाईत केली रे," तो म्हणाला. "उद्यापासून ते सुरू होतंय ना."

'ते' म्हणजे सलाईनमधून द्यायचं औषध. पोटातली गाठ वाईट निघाली होती. दवाखान्यातल्या नर्सने फॉर्म भरताना विचारलं होतं, "सोबत कोण?" त्याने ठोकून दिलं, "आहे एक जण." पण नर्स काही कालची नव्हती.

"एक जण म्हणजे कोण, काका? आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडे देऊन ठेवा. या औषधाने चक्कर येते. बंद दाराआड पडलात तर कुणाला कळणार?"

अर्ध्या गावाच्या किल्ल्या त्याच्या हातून गेल्या होत्या, पण आपली कुणाच्या हातात द्यावी हे त्याला सुचेना. मूलबाळ नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन दिवस मनाशी घोकून अखेर तो शेजारच्या दुकानात गेला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बावीस वर्षं दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. दिवसभर एकमेकांची खेचायची, पण एकमेकांच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाला, "किती वाजता निघायचं?" त्या दुपारी त्याने एकाचं घड्याळ दुसऱ्यालाच देऊन टाकलं.

आज रविवार म्हणून तो घर बघायला आला होता.

"दुसरी किल्ली नाही का?" म्हणत त्याने इकडेतिकडे पाहिलं. दाराजवळच्या खिळ्यावर हिरव्या लोकरीच्या गोंड्याची एक किल्ली लटकत होती. "ही काय!"

"ती नको," किल्लीवाला एकदम म्हणाला.

ती त्याच्या बायकोची होती. किल्ली खिळ्यावर असली म्हणजे ती घरात, असा या घराचा शिरस्ता होता. अजूनही संध्याकाळी दार उघडलं की दिवा लावायच्या आधी त्याची नजर खिळ्याकडे जायची. किल्ली जागेवर असायची, आणि तेवढा एक क्षण ती आत ओट्याशी असायची. हे खूळ आहे हे त्याला कळत होतं. पण तिची इतकी आठवण यायची की तो एक क्षणही सोडवत नव्हता.

घड्याळवाल्याने हात मागे घेतला. "राहू दे. दार नुसतं लोटून ठेव, मी येत जाईन."

"लॅच आहे. लोटलं की बंदच होतं."

चांगली नक्कल काढायची तरी हीच खिळ्यावरून उतरवून दुकानात न्यावी लागणार होती. मग किल्लीवाल्याने स्वतःच खिळ्यावरची किल्ली काढली. अंगठ्याने गोंडा एकदा नीट केला.

"हा काढू नकोस."

"मी कशाला काढू?" घड्याळवाला म्हणाला आणि किल्ली त्याने वरच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी औषध जायला दुपार झाली. घड्याळवाला दुकान बंद ठेवून बाहेरच्या बाकावर बसून राहिला. घरी आणून त्याने किल्लीवाल्याला पलंगावर निजवलं, उशाशी पाणी ठेवलं आणि उलटीवरच्या गोळ्या आणायला गेला.

किल्लीवाल्याने खिळ्याकडे पाहिलं. खिळा मोकळा होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती घरात नव्हती. त्याने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने बाहेरून किल्ली लागली. न उचलता, न दाबता, एका फेऱ्यात अलगद फिरली. या दाराला असा आवाज एकाच किल्लीचा होता, आणि तो आतून ऐकून तीन वर्षं झाली होती. कोण आलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने डोळे उघडले नाहीत.

"झोपलास का रे?" घड्याळवाल्याने हळूच विचारलं.

'आलीस?' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तो गिळायला त्याला जरा वेळ लागला.

"नाही," तो म्हणाला. "जागाच आहे. ये."