पाखरं न उडवणारी घंटा

मित्रांनो, घंटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चकाकणारं पितळ येत असेल. मी तशी नाही. मी शिवणीच्या झाडाच्या लाकडाची, तांब्याएवढी, आतून कोरलेली जुनी घंटा आहे. माझ्या पोटात दोन लाकडी लोलक आहेत. हलले की ठडक्-ठडक् वाजतात, बस्स.

धानोऱ्याजवळच्या एका जंगलगावात सुकलूनं मला आपल्या तांबड्या गाईसाठी कोरलं. झाडीत गाय दिसत नाही, ऐकू येते. सात वर्षं मी तिच्या गळ्यात होते आणि सात वर्षांत ती एकदाही हरवली नाही. ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा मी सुकलूच्या मांडवाच्या खांबाला लटकून राहिले.

तिथून मी फारूकचाचांकडे गेले. चंद्रपुरात त्यांचा तंबू-कनाती भाड्यानं देण्याचा धंदा होता. पौषात लग्नं नसतात, तंबू रिकामे असतात. १९९३ च्या पौषात त्यांनी त्यातले सहा सुकलूच्या गावाशेजारच्या नाल्याकाठी ठोकले आणि नागपूरची कॉलेजची मुलं-मुली आणली. सकाळी झाडं-पाखरं पाहायची. दुपारी दोन तास प्रत्येकानं एकेका झाडाखाली एकट्यानं, न बोलता बसायचं. घड्याळं तंबूत ठेवायची. वेळ संपली की चाचा स्टीलचं ताट बडवून सगळ्यांना परत बोलवत.

सुकलूनं दोन दिवस ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी मला घेऊन आला.

"फारूकभाऊ, पाखरं पाहाले पोरं आणता आन् ताट बडवून पाखरंच उडवता, काऊन?"

"मग काय करू? हाका मारून मारून गळा बसला माझा."

"हे घ्या. हे वाजली तं पाखरू हालत नाई. त्याले वाटते, गाय आली."

खरंच, मी वाजले आणि फांदीवरचं एकही पाखरू उडालं नाही. त्या दिवसापासून दर पौषात मी तंबूच्या दारात टांगलेली राहिले. जितकी मुलं गेली तितकी परत आणायची, एवढंच माझं काम.

एकदा मात्र ते चुकलं. १९९८ ची गोष्ट. मोनाली नावाची मुलगी सर्वांत लांबच्या मोहाखाली बसली होती. चाचांनी मला वाजवलं. तेवीस जण आले. चोविसावी नाही.

मी वाजत राहिले. ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढलं. चाचा मला हलवत झाडीकडे पाहत होते.

"लेकीचा बाप आहे मी, सुकलू. तिच्या बापाला काय तोंड दाखवू?"

सुकलूनं आधी ती बसली होती ते झाड पाहिलं. मग येऊन चाचांच्या हातावर हात ठेवला. "भाऊ, आता वाजवू नका. आयका."

मी थांबले. सगळे थांबले. उगवतीकडून, फार दुरून, माझ्यासारखीच ठडक्-ठडक् ऐकू आली.

"पल्याडच्या पाड्यावरच्या पत्रूचा कळप," सुकलू म्हणाला. "त्याच्या मांगं गेली पोरगी. आता भेव नाई. गाय सांजच्याले घरीच जाते."

चाचा मला हातात घेऊनच पलीकडच्या पाड्यावर धावले. पत्रूच्या अंगणात मोनाली पानाच्या द्रोणातून आंबील पीत बसली होती. पत्रूची बायको सोमारी कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"या फारूकभाऊ! आज माह्या कळपात एक गाय जास्त आली. शिंगं नाई, पायात बूट हाय. तुमचीच का?"

चाचा हसले आणि हसता हसता खाली बसले.

"मला वाटलं, तुम्हीच पुढे चाललात, चाचा," मोनाली म्हणाली. "घंटा थांबेचना, म्हणून मागे जात राहिले."

मित्रांनो, पाखरांनाही गाय वाटावी असा माझा आवाज, याचा मला अभिमान होता. त्याच आवाजानं हे घडवलं. पण चूक माझी नव्हती, तिचीही नव्हती. तिला माझी ओळखच करून दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सुकलूनं गावातून चार घंटा आणल्या, मुलांना पाठमोरं बसवलं आणि माझ्यासकट एकेक वाजवली. मोनालीनं मला पहिल्याच खेपेला ओळखलं. पुढे दरवर्षी शिबिराची पहिली संध्याकाळ माझ्या ओळखीची असे. त्यानंतर एकही मूल चुकलं नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात चाचा गेले. त्यांची मुलगी नाहीद सुकलूकडे ठेवलेलं शिबिराचं सामान न्यायला आली. गाडीत मी वाजू नये म्हणून तिनं माझ्या पोटात वडिलांचा चौकड्यांचा रुमाल कोंबला आणि मला चंद्रपूरच्या तंबूंच्या गोदामात खिळ्याला टांगलं. रुमाल तसाच राहिला. "छान शोपीस आहे," येणारे म्हणत. दोन पौष असेच गेले.

तिसऱ्या पौषात मोनाली आली. ती आता शाळेत शिक्षिका होती. अकरा मुलं न्यायची होती.

"तंबू आहेत, घेऊन जा," नाहीद म्हणाली. "पण ते शिबिर अब्बांचं होतं. ते आता नाही."

मोनालीची नजर माझ्याकडे गेली. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "ताई, एकदाच वाजवाल?"

नाहीदनं मला खिळ्यावरून उतरवलं. मग तिनं रुमाल काढला, चार घड्या केल्या आणि मुठीत धरला. मला हलवलं.

"हीच," मोनाली पाठमोरीच म्हणाली. "हिच्याच मागे यायचं होतं मला त्या दिवशी."

आठवड्याभरात सहा तंबू नाल्याकाठी उभे राहिले. दुपार संपली तेव्हा नाहीदनं मला घाईघाईनं वाजवलं. म्हातारा सुकलू काठी टेकत आला.

"दमानं, बाई. गाय पळून नाई राह्यली, चरून राह्यली."

तिनं हात सैल केला. पाखरं जागची हलली नाहीत. झाडीतून एकेक मूल येऊ लागलं. नाहीद ओठांतल्या ओठांत मोजत होती, तिचे वडील मोजत तशीच.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपायची असेल, तर तिच्या पोटात रुमाल कोंबू नका. तिला तिचं काम करू द्या. त्या दुपारी अकरा गेली होती. अकरा आली.