नेपाळचं पाणी

कारंजाच्या यष्टी स्टँडवर उतरेपर्यंत गोविंदा इंगोले अगदी खुशीत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यानंतर त्याला कुणी खुशीत पाहिलेलं नाही, निदान जगदेवच्या दारात तरी नाही.

खुशीत का नसेल? माणूस परदेश पाहून येत होता. चौऱ्याहत्तर सालची दिवाळीची सुटी, आणि त्यात शनिवार-रविवार असे दोन अख्खे दिवस काठमांडू शहर. त्यांच्या इंझोरी गावातून तोवर मुंबईलासुद्धा मोजकीच माणसं गेली होती. गोविंदा शाळामास्तर, जगदेव वीस एकरांचा धनी. कारंजाच्या हायस्कुलात दोघं एका बाकावर बसले, एकमेकांच्या वहीतलं उतरवून एकाच गणितात नापास झाले, आणि तेव्हापासून गावात जगदेव कुठं आहे हे विचारायचं तर लोक गोविंदाला विचारत. एवढी दोस्ती. फक्त एक होतं. गोविंदाच्या बापानं, ग्यानबानं, छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्याआधी काय नि त्यानंतर काय, जगदेवच्या घरी गोविंदाची हद्द अंगणातल्या कडुलिंबाशी संपायची. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. दोस्तीत काही गोष्टी बोलायच्या नसतात असं गोविंदाला वाटे. तिथंच त्याचं चुकलं.

नेपाळला जायचं दोघांचं कारण वेगळं होतं. गोविंदाला स्वयंभूचा स्तूप पाहायचा होता. जगदेवच्या आईला, प्रयागबाईला, पशुपतिनाथाशेजारच्या नदीचं पाणी हवं होतं. तिनं फिरकीच्या झाकणाचा तांब्याचा गडू चिंचेनं लख्ख घासला, लेकाच्या पिशवीत ठेवला आणि सांगितलं, "भरून आन बापू. साऱ्या गावाले तीर्थ देईन."

काठमांडूत ओळखीचं कुत्रंही नव्हतं. लॉजच्या वहीत जगदेवनं आपल्या हातानं दोघांचं एकच आडनाव लिहिलं आणि नात्यापुढं 'भाऊ' असं टाकलं. शनिवारी जुन्या राजवाड्यापुढच्या पायऱ्यांवर दोघं उन्हात पाय पसरून बसले, भुईमुगाच्या शेंगा फोडत, लांब केसांचे गोरे बघत. ना शाळेची घंटा, ना कापसाची वेचणी. मातीच्या वाडग्यातलं दही घेतलं तर दुकानदारानं चमचा एकच दिला, आणि तो चमचा एकदा याच्या तोंडात, एकदा त्याच्या. गोविंदा खाता खाता थांबला.

"काय झालं बे? आंबट हाय का?" जगदेवनं विचारलं.

दही गोडच होतं. गोविंदाला रडू येत होतं. तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, एका चमच्यापायी रडायला आला होता. त्यानं शेंगेचा ठसका लागला म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी स्तूप. तिथं जगदेव मनमुराद हिंडला, चक्रं फिरवली, कुणी त्याला अडवलं नाही. दुपारी पशुपतिनाथ. तिथं दारावर पाटी होती की आत फक्त हिंदूंनी यावं.

"चाल नं," जगदेव म्हणाला. "कोन विचारते?"

"विचारो का नको विचारो, मी हिंदू नाही. तू जाऊन ये. मी बसतो इथं."

तासभर तो जगदेवच्या चपला राखत बसला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. जगदेव बाहेर आला तो घाईत पायरीवरून घसरला आणि पाय मुरगळून घेतला. नदीच्या पायऱ्या शेवाळलेल्या. त्यानं गडू गोविंदापुढं धरला.

"तूच भर बावा. माह्यानं उतरनं होत नाही."

"मी भरलेलं चालंन का तुह्या मायले?"

"मले काय फरक पडते? अन् इथं कोन पाह्यते?"

गोविंदानं त्यातला पहिला सवाल मनात ठेवला आणि दुसरा सोडून दिला. घोटाभर पाण्यात उतरून त्यानं गडू भरला, फिरकी घट्ट आवळली. डोंगरातल्या वळणांवर जगदेव खिडकीतून ओकत होता तेव्हा गडू गोविंदाच्या मांडीवर होता, रेल्वेत त्याच्या उशाशी होता. तीर्थावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण दोस्ताच्या आईचं काम होतं आणि दोस्तानं ते त्याच्यावर सोपवलं होतं, एवढं त्याला पुरे होतं.

मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरून कारंजाच्या यष्टीत चढल्यापासून जगदेव घुम्यासारखा बसला. ओळखीची शेतं दिसू लागली तसा त्यानं गडू गोविंदाकडून मागून घेतला आणि दोघांच्या मधे पिशवी ठेवली. कारंजाला इंझोरीच्या गाडीला अर्धा तास होता. गोविंदा चहा आणायला गेला. दोन हातांत दोन पेले घेऊन आला तर बाकड्यावर जगदेव नाही, आणि गडूही नाही.

स्टँडच्या मागं नळ होता. मुरगळल्या पायाचा माणूस तिथवर पोचला होता. गडूची फिरकी उघडून जगदेव नेपाळचं पाणी मोरीत ओतत होता. ओतून झाल्यावर त्यानं माती घेऊन गडू आतून-बाहेरून घासला, तीनदा खळखळून धुतला आणि नळाखाली धरला. ज्या नळावर अख्खा तालुका तोंड धुतो, पान थुंकून चुळा भरतो, त्या नळाचं पाणी त्याला चाललं. गोविंदाच्या हाताचं चाललं नाही.

गोविंदाची बोटं चहानं भाजत होती, तरी तो तसाच उभा राहिला. त्याला जगदेवचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. काठमांडूला त्या चमच्यापायी आपले डोळे भरून आले होते, हे आठवून त्याला शरम वाटली. तो मुकाट्यानं बाकड्याशी परतला. मागोमाग जगदेव आला.

"कुठी गेलता?" गोविंदानं विचारलं.

"गडूले धूळ लागली होती. पुसून आनला."

"पुसला का धुतला?"

"तू काहून एवढी चौकशी करून राह्यला?" जगदेव अंगावरच आला. मग इकडंतिकडं बघत त्यानं आवाज खाली आणला. "ऐक. फाट्यावर वाजंत्री येईन, सोयरेधायरे येतीन. तू मागच्या यष्टीनं ये. उगी लोकाह्यले बोलाले जागा होते."

"काय बोलतीन लोक?"

"तुले मालूम हाय."

"मले नाही मालूम. तू सांग."

गोविंदानं आपला चहा प्यायला आणि जगदेवचा पेला त्याच्या डोळ्यांदेखत जमिनीवर ओतला. जगदेव काय ते समजला. पण त्यानं नजर फिरवली, बस्स. गोविंदा बोलणार नाही ही त्याची वीस वर्षांची खात्री होती.

गोविंदा त्याच गाडीत चढला आणि मुद्दाम जगदेवला खेटून बसला. जगदेव गडू घेऊन पुढच्या बाकावर गेला. फाटा येईपर्यंत गोविंदानं मनाशी एकच ठरवलं. हा आज गावापुढं एकदा जरी म्हणाला की गोविंदा संग होता, गडू त्यानं सांभाळला, तर नळाची गोष्ट आपण मरेपर्यंत पोटात ठेवू. भरलं कुणी हे नाही सांगितलं तरी चालेल. अर्धं वाक्यसुद्धा पुरे. इतकं स्वस्त त्यानं दोस्तीचं मोल लावलं.

फाट्यावर डफडी वाजली, गुलाल उडाला. यात्रेहून आलेल्याचे पाय धुवायचे, तीर्थ वाटायचं आणि गावाला जेवू घालायचं, म्हणजे मावंदं करायचं, ही तिकडची रीत. जगदेवला अंगणात पाटावर बसवून परातीत त्याचे पाय धुतले. गडूला हळदकुंकू वाहिलं. गोविंदा कडुलिंबाखाली उभा राहिला, पिशवी खाली न ठेवता.

जगदेव बोलायला लागला. राजवाडा सांगितला, गोरे सांगितले, दही सांगितलं. "मी फिरलो, मी पाह्यलं, मी खाल्लं." दोन दिवसांचं अख्खं काठमांडू सांगून झालं आणि त्यात दुसरा माणूसच नव्हता. चमचाही नव्हता.

प्रयागबाई पळीपळीनं तीर्थ वाटत होती. म्हातारी मनानं वाईट नव्हती. पाया पडणाऱ्यांचं आटोपल्यावर ती गडू घेऊन कडुलिंबापर्यंत आली आणि पळी उंच धरून म्हणाली, "हात पुढं कर गोविंदा. एवढ्या दुरून आलं पानी."

"मी तीर्थ घेत नाही, प्रयागामाय. तुमाले मालूम हाय."

"तो काय घेते!" जगदेवचा चुलता रामकिसन ओसरीवरून ओरडला. "तिथीबी बाहेरच बसला असंन, चपला राखत!"

अंगण हसलं. गोविंदानं जगदेवकडं पाहिलं. आता तरी बोल, असं त्याचं सगळं तोंड म्हणत होतं. जगदेवही हसला.

"हो नं, काका," तो म्हणाला. "तासभर माह्याच चपला राखत होता."

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. प्रयागबाईला मात्र भलतीच शंका आली. ती लेकाकडं वळली. "काहून रे, पानी तं तूच भरलं नं? कोनाचा हात तं नाही लागला?"

"मीच भरलं माय," जगदेवनं दोन्ही तळवे वर करून दाखवले. "ह्या हातानं."

"खरं बोलून राह्यला, प्रयागामाय," गोविंदा म्हणाला. आवाज चढवायची गरज नव्हती, मास्तरकीनं त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. "त्यानंच भरलं. आज दुपारी, कारंजाच्या यष्टी स्टँडवर, मोरीवरच्या नळानं. मातीनं गडू घासला, तीनदा धुतला, अन् मंग भरलं."

ज्यांनी तीर्थ घेतलं होतं त्यांतल्या दोघांनी नकळत ओठ पुसले. जगदेव परातीत पाय ठेवून तसाच बसला होता, आणि त्याचा चेहरा पाहून म्हाताऱ्या आईला दुसरी साक्ष लागली नाही. तिनं गडूत वाकून पाहिलं.

"मंग नेपाळचं पानी कुठी गेलं?" तिनं विचारलं.

"सांडलं मोरीत तुह्या लेकानं," गोविंदा म्हणाला. "ते मी भरलं होतं."